सुमो: ४५ स्पर्धा जिंकणारा हाकुहो वस्ताद म्हणून नापास झाला का?

पडवीकर

९ जून २०२५ पासून हाकुहो जपान सुमो संघटनेत नाही. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: मंगोलियाचा गडी, ६९वा योकोझुना, म्हणजे सुमोतलं सर्वोच्च पद. वरच्या श्रेणीतल्या ४५ स्पर्धा जिंकल्या. आधीचा विक्रम ताइहोचा होता, ३२ चा. कारकिर्दीत ११८७ कुस्त्या मारल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाला आणि ओयाकाता (वस्ताद) झाला. जुलै २०२२ मध्ये मियागिनो हेया ही तालीम त्याच्या ताब्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा पठ्ठा होकुसेइहो याचं मारहाणीचं प्रकरण बाहेर आलं. तालीम बंद झाली, सगळ्या पोरांना घेऊन इसेगाहामा हेयात बिऱ्हाड हलवावं लागलं, आणि सव्वा वर्षानं राजीनामा.

वीस वर्षं मल्ल, आणि स्वतःची तालीम जेमतेम पावणेदोन वर्षं!

माझं मत असं की शिक्षा जरुरीपेक्षा मोठी होती. पण ती देताना संघटनेला फारसा विचार करावा लागू नये, ही सोय हाकुहोनंच आधीची दहा वर्षं करून ठेवली होती. इथल्या कुस्तीवाल्यांना आणि जपानस्थ मंडळींना काय वाटतं? एवढा अफाट मल्ल चांगला वस्ताद होऊ शकतो का, हा माझा खरा प्रश्न.

कट्ट्यावरचा_काका

शीर्षक अर्धवट वाचून टाटा सुमोचा धागा समजून आलो. ४५ स्पर्धा जिंकल्या म्हटल्यावर चमकलो. आलोच आहे तर बसतो.

निशिकासाईकर

पडवीकर, चांगला विषय. बाहेरून पाहणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. सुमोत निवृत्तीनंतर कोणीही उठून तालीम काढू शकत नाही. संघटनेकडे वंशपरंपरेसारखी चालत आलेली १०५ ओयाकाता-नावं आहेत. त्यातलं एक रिकामं झालं आणि तुम्हाला मिळालं तरच आत राहायचं, नाहीतर शेंडी कापून घेऊन घरी जायचं. वर जपानी नागरिकत्व लागतं.

हाकुहोनं ते सप्टेंबर २०१९ मध्ये घेतलं. त्याचे वडील जिग्जिद मुन्खबात म्हणजे मंगोलियाचे राष्ट्रीय वीर. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीचं रौप्य त्यांनी आणलं होतं. वडील २०१८ मध्ये गेले, पुढच्या वर्षी मुलानं देश बदलला. निव्वळ वस्ताद होता यावं म्हणून.

ताइहो, कितानोउमी आणि ताकानोहाना या तिघांना संघटनेनं एका पिढीपुरतं स्वतःच्याच नावानं ओयाकातापद दिलं होतं. चियोनोफुजीला देऊ केलं, त्यानं घेतलं नाही. हाकुहोची वेळ जवळ आली तेव्हा, २०२१ मध्ये, तज्ज्ञ समितीनं अहवालात लिहिलं की अशी काही पद्धत मुळात नियमांत नाहीच. मग त्याला 'मागाकी' हे नाव मिळालं, तेही सुमोच्या रीतीभाती पाळीन असं लेखी घेऊन. योकोझुनाकडून प्रतिज्ञापत्र! इथल्या माझ्या जपानी सहकाऱ्यांनाही ते अवघडल्यासारखं झालं होतं.

तर्कटी

निशिकासाईकर, रोख कळला. परका म्हणून डावललं, असंच ना? मग ही यादी घ्या. हवाईचा ताकामियामा: १९७२ मध्ये नागोयाला स्पर्धा जिंकणारा पहिला परदेशी, १९८६ मध्ये स्वतःची आझुमाझेकी हेया काढली, आणि त्याच तालमीत आकेबोनो घडला, जो १९९३ मध्ये पहिला परदेशी योकोझुना झाला. मुसाशिमारूची तालीम आहे. मंगोलियाच्याच काकुर्यूनं ओतोवायामा हेया काढली. तिथलाच तेरुनोफुजी तर आता इसेगाहामाचा मालक आहे. सगळ्यांना जमतं आणि यालाच जमत नाही, तर दोष कातडीचा की वागणुकीचा?

निशिकासाईकर

तर्कटी, परका हा शब्द मी वापरलेलाच नाही. पण ताकामियामानं कोणाचा विजेतेपदांचा विक्रम मोडला नव्हता हेही लक्षात घ्या. गुणी परका चालतो. ताइहोच्या वर जाऊन बसलेला आणि वर पंचांशी वाद घालणारा परका जड जातो.

मीनल_साठे

वागणुकीचं काय प्रकरण आहे? कोणी सांगेल का? मला सुमो म्हणजे एवढंच माहीत की दोन माणसं धडकतात आणि दहा सेकंदांत संपतं.

सांख्यिकी_शास्त्री

मीनल, ऐका.

नोव्हेंबर २०१७: योशिकाझेकडून हरला. सुरुवातच नीट झाली नव्हती असं म्हणून मिनिटभर खालीच उभा राहिला, वर येऊन नमस्कार करेना. त्याच स्पर्धेच्या शेवटी जिंकल्यावर प्रेक्षकांकडून बान्झाय (जयजयकार) म्हणवून घेतलं, तेही हारुमाफुजी या दुसऱ्या मंगोलियन योकोझुनाचं मारहाण प्रकरण पेटलेलं असताना. मार्च २०१९, ओसाका: सोहळा संपायच्या आत प्रेक्षकांकडून टाळ्यांचा ठेका धरून घेतला, त्याबद्दल त्याला संघटनेनं समज दिली आणि त्याच्या वस्तादाचा तीन महिने पगार कापला. शिवाय थोबाडीत ठेवून देणं आणि कोपरानं जबडा हाणणं. दोन्ही नियमात बसतं, पण योकोझुनानं हे करू नये असं सल्लागार मंडळ वर्षानुवर्षं सांगत होतं. जुलै २०२१ च्या शेवटच्या स्पर्धेत १४व्या दिवशी शोदाइसमोर तर आखाड्याच्या पार कडेला जाऊन उभा राहिला, तिथून सुरुवात! शेवटच्या दिवशी तेरुनोफुजीला कोपर, थप्पड आणि मग पाडलं. १५-०. मूठ आवळून आरोळी. मल्लानं आनंद चेहऱ्यावर दाखवू नये ही तिथली शिस्त.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, सहा स्पर्धा आत-बाहेर करत काढलेल्या, वय ३६, आणि १५-०. मी आरोळी माफ करतो.

रंकाळ्याचा_भाऊ

भावांनो, मी लहानपणी कोल्हापुरात तालमीत होतो, म्हणून बोलतो. सुमोचं कायबी माहीत नव्हतं, धागा वाचून रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले.

मैदान मारणाऱ्या पैलवानाची नजर फक्त पुढच्या गड्यावर. वस्तादाची नजर कोपऱ्यात बसलेल्या पोरावर पाहिजे. कोण जेवला नाही, कोण रातचं रडतंय, कुणाच्या अंगावर वळ हायत. आमचे वस्ताद स्वतः एक मोठी कुस्ती जिंकलेले नव्हते. पण पोरगं हौद्यात उतरलं की चालीवरनं सांगायचे, ह्याला ताप हाय. ही नजर ४५ गदा मारून येत नसती.

पडवीकर

रंकाळ्याचा_भाऊ, तुमचं म्हणणं खुद्द हाकुहोलाच लागू पडतं की. ऑक्टोबर २००० मध्ये तो मंगोलियाहून आला तेव्हा वय १५, वजन ६२ किलो. ओसाकाला सोबतच्या पोरांना तालमी मिळत गेल्या, याला कोणी घेईना. परत जायच्या आदल्या दिवशी क्योकुशूझान या मंगोलियन मल्लानं आपल्या वस्तादाकडे शब्द टाकला, त्या वस्तादानं मियागिनो हेयाच्या चिकुबायामाला विचारलं आणि त्यानं पोराला ठेवून घेतलं. हा चिकुबायामा स्वतः मल्ल म्हणून वरच्या श्रेणीच्या तळाशीच राहिलेला माणूस! त्यानं म्हणे पोराला आधी फक्त खाऊ घातलं. क्रमवारीत आल्यावरच्या पहिल्या स्पर्धेत हाकुहो ३-४ असा हरला होता. सहा वर्षांनी योकोझुना.

कट्ट्यावरचा_काका

६२ किलो म्हणजे मी दहावीत होतो तेवढा. मला कोणी ठेवून घेतलं नाही आणि आता वजन आहे तर वय नाही.

अनुजा_क

सगळे वागणूक, विक्रम आणि नजर यांवर बोलताय. मार खाल्लेल्या पोरांचं काय?

होकुसेइहो दोन मीटरहून उंच आणि वरच्या श्रेणीतला. समोर खालच्या पायरीवरची पोरं. वर्षाहून जास्त काळ हे चाललं होतं. मारणं होतंच. त्याशिवाय बोटं चिकटद्रव्यानं चिकटवणं, कीटकनाशकाचा फवारा पेटवून अंगाच्या दिशेनं धरणं. वस्तादानं लक्ष ठेवलं नाही आणि वेळेत वर कळवलं नाही, हा हाकुहोवरचा ठपका. दोन पायऱ्या खाली उतरवलं, तीन महिने पगार कापला. पडवीकर म्हणतात शिक्षा मोठी. मला ती योग्य वाटते. एकाच छपराखाली राहता, मुलांच्या आईवडिलांनी तुमच्या भरवशावर पंधराव्या वर्षी मुलं सोडलेली असतात, आणि तुम्हाला कळत नाही?

तर्कटी

अनुजा +१. पहिल्यांदाच पूर्ण सहमत.

ढाकबहाद्दर

अनुजाताई, मुद्दा मान्य. फक्त तराजू सगळ्यांना सारखा लावा. २००७ मध्ये तोकित्सुकाझे हेयात १७ वर्षांच्या पोराचा मृत्यू झाला. वस्तादानं बिअरच्या बाटलीनं मारलं, मोठ्या पोरांनी बॅटनं. वस्तादाला हाकललं, तुरुंगात घातलं, ते बरोबरच. पण तालीम बंद झाली नाही! दुसरा ओयाकाता आणला आणि तालीम पुढे चालू. मियागिनोमध्ये सुदैवानं कोणाचा जीव गेला नाही, तरी पूर्ण तालीमच मोडली आणि परत कधी उघडणार ते सांगितलं नाही. एखाद्या ज्येष्ठ ओयाकातावर देखरेखीचं काम सोपवून पोरं तिथेच ठेवता आली असती.

आणि मोडली तेव्हा त्या तालमीत काय होतं बघा. एन्हो: १६८ सेंटिमीटर, शंभर किलोच्या आत, दीडपट-दुप्पट वजनाच्या गड्यांच्या पोटाखाली घुसून पाडणारा. मे २०२३ मध्ये मानेला जबर इजा, क्रमवारीत पार तळाशी घसरला, वर्षभरानं परतला. हाकुओहो: जानेवारी २०२३ मध्ये उतरला, ७-० करून एका स्पर्धेत पगारी श्रेणीत, आणि त्याच जुलैत वरच्या श्रेणीतल्या पहिल्याच स्पर्धेत शेवटच्या दिवसापर्यंत विजेतेपदाच्या शर्यतीत. पोरं हेरायची नजर हाकुहोला होती. २०१० पासून तो लहान मुलांची स्पर्धा भरवतोय, ती उगाच नाही. नापास म्हणणं मला पटत नाही.

अनुजा_क

२००७ मध्ये तालीम बंद केली नाही ही तेव्हाची चूक. ती चूक आत्ताच्या शिक्षेविरुद्धचा पुरावा कशी होते?

रंकाळ्याचा_भाऊ

ताई, बरोबर. आमच्या तालमीत पण मोठी पोरं लहान्यांकडनं अंग रगडून घ्यायची, कपडे धुवून घ्यायची. त्यात वस्तादाला वावगं वाटायचं न्हाई. मार पण बसायचा. मी त्यातनं गेलोय आणि माझ्या पोराला त्यातनं घालणार न्हाई. पोरगं हेरणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं, एवढंच माझं म्हणणं.

निशिकासाईकर

यामागे पैशाची रचनाही आहे. साधारण सहाशे मल्लांपैकी वरच्या दोन श्रेण्यांतल्या ४२ अधिक २८, म्हणजे फक्त सत्तर जणांना पगार. बाकीच्यांना जेवण, छप्पर आणि स्पर्धेमागे थोडा भत्ता. हे बाकीचे पगारी मल्लांची कामं करतात: स्वयंपाक, पाठ घासणं, उशी-गादी वाहून नेणं. पगार असलेल्याला लग्न करून बाहेर राहता येतं, नसलेला सामायिक खोलीत झोपतो. होकुसेइहो त्या सत्तरातला होता, मार खाणारे नव्हते. अशा घरात वस्ताद आणि त्याची बायको (ओकामिसान म्हणतात तिला) हे दोघंच न्यायालय.

मीनल_साठे

बायकोला पण काम? पगार मिळतो का तिला?

निशिकासाईकर

संघटनेकडून नाही. पालकांशी बोलणं, आश्रयदात्यांचा पाहुणचार, हिशेब, दुखणीखुपणी, सगळं तिच्याकडे.

मीनल_साठे

वाटलंच होतं.

खवय्या_नंबर_वन

स्वयंपाकाचा विषय निघाला आणि चांकोबद्दल कोणी बोललं नाही? एकच मोठं पातेलं, त्यात भाज्या, टोफू, मासे नाहीतर कोंबडी, सोबत ढीगभर भात. सकाळी उपाशीपोटी सराव, मग जेवण, मग लगेच झोप. आणि स्पर्धेच्या काळात कोंबडीला मान: ती दोन पायांवर उभी असते. गाय-डुक्कर चार पायांवर, म्हणजे हात जमिनीला टेकल्यासारखे, म्हणजे हार!

कट्ट्यावरचा_काका

मी मटण सोडणार नाही. हरलो तरी बेहत्तर.

ढाकबहाद्दर

पडवीकरांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं उत्तर मला एका जुन्या कुस्तीत दिसतं. १५ नोव्हेंबर २०१०, फुकुओका, स्पर्धेचा दुसरा दिवस. हाकुहो सलग ६३ कुस्त्या जिंकून आलेला. फुताबायामाचा १९३९ पर्यंतचा ६९ चा विक्रम आठवडाभरात मोडणार हे सगळे धरून चालले होते. समोर किसेनोसातो, तेव्हा साधा माएगाशिरा (वरच्या श्रेणीतलं सर्वात खालचं पद). त्यानं हाकुहोला आखाड्याबाहेर ढकलला. साखळी तुटली.

हाच किसेनोसातो पुढे २०१७ मध्ये योकोझुना झाला. वाकानोहानानंतर १९ वर्षांनी जपानात जन्मलेला योकोझुना म्हणून देश वेडा झालेला. मार्चच्या ओसाका स्पर्धेत १३व्या दिवशी हारुमाफुजीविरुद्ध डावा खांदा-छाती गेली. तरी उतरला, शेवटच्या दिवशी तेरुनोफुजीला दोनदा पाडून जिंकला. त्या हट्टानं कारकीर्द संपवली. पुढच्या सलग आठ स्पर्धा एक तर सुरूच केल्या नाहीत किंवा अर्ध्यात सोडल्या, जानेवारी २०१९ मध्ये निवृत्ती. योकोझुना म्हणून हिशेब ३६ विजय, ३६ पराभव. हाकुहोशी तुलनाच नाही.

आणि वस्ताद म्हणून? निवृत्तीनंतर वासेदा विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतलं, प्रबंधाचा विषय तालमीच्या व्यवस्थापनाची नवी पद्धत. मग तोक्योच्या र्योगोकु भागातल्या गर्दीत न राहता आपल्या इबाराकी प्रांतात, आमी गावात मोकळी जागा घेऊन तालीम बांधली. एकाऐवजी दोन आखाडे, म्हणजे रांगेत उभं राहून वेळ जात नाही. स्वतःच्या वस्तादाकडे अतिशय कडक, दुसऱ्या तालमीत सरावाला जायचं नाही अशा शिस्तीत वाढलेला माणूस हा! मे २०२३ मध्ये ओनोसातो त्याच्याकडे आला, आणि १३ स्पर्धांत, मे २०२५ मध्ये, ७५वा योकोझुना झाला. इतक्या लवकर कोणीच झालेलं नाही. त्यानंतर पंधरवड्याच्या आत हाकुहोचा राजीनामा.

अर्धवट राहिलेल्या मल्लाला मोडलेलं शरीर कळतं, काय करू नये ते कळतं, असं मला वाटतं. हाकुहोच्या शरीरानं त्याला वीस वर्षं साथ दिली. बाकीच्यांना तसं का जमत नाही, हा प्रश्न त्याला कधी पडला असेल?

तर्कटी

ढाकबहाद्दर, गोष्ट छान रंगवलीत, पण दोन छिद्रं. एक, ओनोसातो हायस्कूल-कॉलेजात तयार झालेला गडी. दोनदा हौशी योकोझुना (हौशी सुमोतला राष्ट्रीय विजेता) होऊन आला होता. वस्तादानं शून्यातून घडवलेला नव्हे. दोन, २०२४ मध्ये त्याच ओनोसातोनं कमी वयाच्या पोराला दारू पाजल्याबद्दल संघटनेनं त्याला आणि किसेनोसातोलाही सक्त ताकीद दिली होती. ताकीद, बरं का. तालीम बंद नाही.

ढाकबहाद्दर

दुसरं छिद्र तर माझ्याच बाजूचं आहे की! आधी म्हणालात दोष वागणुकीचा, आता तुम्हीच दोन तराजू दाखवताय.

तर्कटी

मी कोणाच्याच बाजूचा नाही. दारू पाजणं आणि वर्षभर छळणं यात फरक आहे, म्हणून शिक्षेतही आहे. एवढंच.

सांख्यिकी_शास्त्री

राजीनाम्याचं एक कारण आकड्यात सांगतो: ६५. ओयाकाताला ६५ नंतर तालीम चालवता येत नाही. इसेगाहामाचे तेव्हाचे वस्ताद, म्हणजे माजी योकोझुना आसाहिफुजी, जुलै २०२५ मध्ये ६५ चे होणार होते आणि गादी तेरुनोफुजीकडे जाणार हे ठरलेलं. म्हणजे हाकुहोला सहा वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली काम करावं लागणार. ज्याला शेवटच्या कुस्तीत पाडून निवृत्त झाला, त्याच्याच. जपानी ज्येष्ठता-क्रमात हे किती टोचलं असेल ते निशिकासाईकर सांगतील. आणि गंमत बघा, हाकुहोनं मोकळं केलेलं 'मियागिनो' हे नाव आसाहिफुजीनं घेतलं.

निशिकासाईकर

टोचणारच. पण तेरुनोफुजीची बाजूही घ्या. ओझेकी (योकोझुनाच्या खालचं पद) असताना गुडघे आणि मधुमेहानं खालून दुसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला, तिथून चढत २०२० मध्ये स्पर्धा जिंकला आणि २०२१ मध्ये योकोझुना झाला. ढाकबहाद्दरांच्या मोडलेल्या शरीराच्या सिद्धांताला हा जास्त चांगला उमेदवार आहे. वस्ताद म्हणून अजून नवा आहे, बघू.

मीनल_साठे

हाकुहो आता काय करतो?

पडवीकर

जगभर हौशी सुमो न्यायचा म्हणतो. टोयोटाचे अध्यक्ष आकिओ तोयोदा पाठीशी आहेत. ऑलिंपिकचंही स्वप्न आहे.

अनुजा_क

ऑलिंपिकसाठी बायकांचा सुमो लागेलच. व्यावसायिक आखाड्यावर बायकांना पाऊल ठेवू देत नाहीत. २०१८ मध्ये माइझुरूला महापौर आखाड्यात कोसळले, बायका धावत जाऊन छाती दाबत होत्या, तर ध्वनिक्षेपकावरून त्यांनाच खाली उतरा म्हणून सांगितलं. हौशी सुमोत मात्र बायकांच्या जागतिक स्पर्धा होतात. आपल्या मुंबईची हेतल दवे २००९ मध्ये त्यात खेळून आली. हे काम हाकुहोनं नीट केलं तर मी त्याला अर्धे गुण परत देईन.

रंकाळ्याचा_भाऊ

अर्धे मी देतो. झाला पास.

अनुजा_क

पस्तीस लागतात, भाऊ. आणि त्या पोरांची माफी मागितली की उरलेले.

मीनल_साठे

पुढच्या जुलैत नवऱ्याच्या कामामुळे नागोयाला असणार आहे. एक दिवस बघायला जावं म्हणते. तिकीट मिळतं का?

निशिकासाईकर

मीनल, नागोयाची स्पर्धा २०२५ पासून नव्या आयजी अरेनात असते. तिकिटं विक्रीला निघाल्या दिवशीच घ्या, हल्ली सगळे दिवस भरतात. गादीवरच्या चौकोनी जागा घेऊ नका, चौघांत पाय दुमडून बसावं लागतं, वरच्या खुर्च्या बऱ्या. आणि संध्याकाळच्या मोठ्या कुस्त्यांपुरत्या जाऊ नका. सकाळी लवकर पोहोचा, सभागृह रिकामं असतं, तेव्हा बिनपगारी पोरांच्या कुस्त्या अगदी जवळून दिसतात. डबा आतच विकत मिळतो, त्यात बहुतेक कोंबडीच.